तैलबैलाच्या पायथ्याशी

खरे तर जैसलमेरला जायचे ठरले होते. मंडळाच्या सभेत तरुणांनी वाळूच्या टेकड्या, उंटांची रांग आणि पांढऱ्या तंबूंची छायाचित्रे दाखविली. किल्ल्यातील पिवळ्या दगडाच्या जिनमंदिरांचे दर्शन त्यास जोडले म्हणजे ज्येष्ठांची संमती मिळेल, हा हिशेबही त्यांनी केला होता. संमती मिळाली, पैसे जमले नाहीत. अडतीस माणसांचा रेल्वेप्रवास आणि वाळवंटातील तंबूंचे भाडे ऐकून खजिनदारांनी वही मिटली. तेव्हा माझा पुतण्या म्हणाला, “उघड्यावर, खडकांपाशी झोपायचे एवढेच ना? मग मुळशीत काय कमी आहे?” अशा रीतीने जानेवारीतील एका शनिवारी सकाळी आमची बस वाळवंटाऐवजी पौडच्या रस्त्याला लागली.

चांदणी चौकात चढलेल्या मंडळींत अण्णा होता.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वारणाकाठच्या आमच्या गावी तो शेती करतो. बारा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. पुतण्या त्याचाच मुलगा. हिंजवडीत नोकरीला आहे आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. वडिलांचे नि काकांचे वैर त्याने आपले मानले नाही, आणि याबद्दल आम्ही दोघांनीही त्याला कधी शाबासकी दिली नाही. वडील येणार आहेत हे त्याने मला सांगितले नव्हते. मीही आहे हे त्याने अण्णाला सांगितले नव्हते, हे अण्णाच्या चेहऱ्यावरून समजले. तो बसच्या पायरीवर क्षणभर थबकला आणि मग पुढच्या आसनावर, माझ्याकडे पाठ करून बसला.

भांडण विहिरीचे. ती विहीर आप्पांनी १९७२च्या दुष्काळात खणली. काळा पाषाण लागला, सुरुंग लावावे लागले, आणि मजूर लावण्याची ऐपत नव्हती म्हणून तेरा वर्षांचा अण्णा शाळा सोडून टोपल्या वाहू लागला. तो पुन्हा शाळेत गेला नाही. मी लहान होतो. मला पुढे सांगलीस शिकायला ठेवले, मग पुण्यात बँकेत नोकरी लागली. आप्पांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा विहीर अण्णाच्या हिश्श्यात आली आणि कागदावर मला निम्म्या पाण्याची पाळी मिळाली. माझी जमीन मी दुसऱ्यास खंडाने दिली. त्या माणसाला अण्णाने पाणी घेऊ दिले नाही. कागद माझ्या बाजूचा होता. मी एका रविवारी गावी जाऊन ओट्यावर बसायला हवे होते. त्याऐवजी मी वकिलामार्फत नोटीस पाठविली.

वहिनी वारल्या तेव्हा गेलो होतो. चार लोकांत उभा राहिलो आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो. दशलक्षण पर्व संपले की क्षमावाणीच्या दिवशी मी दरवर्षी मोबाइलवरून तीनशे जणांना ‘उत्तम क्षमा’ पाठवितो. बँकेतील जुने अधिकारी, सोसायटीचे सभासद, ज्यांचा चेहराही आठवत नाही असे लोक त्या यादीत आहेत. अण्णाचा क्रमांक त्या यादीत नव्हता.

पौड मागे पडले आणि डावीउजवीकडे मुळशीचे पाणी दिसू लागले. मुले छायाचित्रे काढू लागली. निळा आणि मुळा यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीने बांधलेल्या या धरणाखाली पन्नासच्या वर गावांची जमीन जायची होती. त्याविरुद्ध १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव लोकांनी त्याच लढ्यात दिले, एवढे मी मुलांना सांगितले. धरण झालेच. पूर्वेकडे वाहणारे पाणी आजही बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरविले जाते आणि भिऱ्याला त्याची वीज होते. पुढच्या आसनावरून अण्णा कोणालाही न उद्देशून म्हणाला, “म्हंजे ज्याची जमीन, त्येचं पाणी न्हाईच.” बसमध्ये कोणी हसले. मी हसलो नाही. वाक्य धरणाविषयी होते, असे मी स्वतःला सांगितले.

निवे, पिंपरी करीत भांबर्ड्याच्या पुढे गेलो आणि एका वळणावर तैलबैला समोर आला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. पठारावर दोन प्रचंड दगडी भिंती एका ओळीत उभ्या आहेत. दोनशे फुटांहून उंच, सरळ तुटलेल्या, आणि मधोमध एक खिंड. डोंगर म्हणावा तर उतार नाही, किल्ला म्हणावा तर तट बांधलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा सारा प्रदेश झाला. त्या थरांना पडलेल्या भेगांतून खालचा तप्त रस वर चढला आणि भेगेतच उभा गोठला. भोवतालचे थर पावसाने झिजून गेले, ही चिवट उभी पट्टी मागे राहिली. भूशास्त्रज्ञ तिला डाइक म्हणतात. अशा पट्ट्या जमिनीच्या पोटातही असतात आणि कित्येक ठिकाणी त्या भूजल अडवून धरतात. मग एका बाजूची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी. जैसलमेरची वाळू पाहायची राहिली याची हळहळ त्या भिंतींपुढे कोणाला उरली नाही.

तंबू गावाबाहेरच्या एका भातखाचरात लावायचे होते. पीक निघून गेलेले, जमीन कडक, भाताचे वाळके खुंट पायाला टोचणारे. मालकाची परवानगी आधीच घेतली होती. आमच्या तरुणांनी तंबूंची दारे भिंतीकडे केली, कारण सकाळी डोळे उघडताच ती दिसावी. अण्णाने बराच वेळ हे पाहून घेतले आणि मग एका मुलाच्या हातून खुंटी घेतली. “वारं रातच्याला घाटाच्या तोंडानं येणार. दार तिकडं केलंस तर तंबू फुगंल.” सगळी दारे फिरवावी लागली. खुंट्या ठोकण्याआधी प्रत्येक जागा त्याने मऊ कुंच्याने झाडून घेतली, मुंग्यांचे एक वारूळ दिसले तेथून दोन तंबू पलीकडे सरकविले. शहरी मुले त्याच्यामागे फिरू लागली. मी पाण्याचे पिंप मोजण्याचे काम पत्करले; त्या कामाला फारशी माणसे लागत नव्हती.

अनस्तमीचा प्रश्न निघाला तो साडेचारला. आमच्यापैकी निम्मी माणसे घरी रात्री नऊला जेवतात; मीही त्यांतलाच, हे लपविण्यात अर्थ नाही. पण या शिबिरात सर्वांनी दिवस मावळण्याआधी जेवायचे, असे ठरले होते. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होता. पाच वाजून गेले आणि भिंतीची सावली खाचरावरून इतक्या वेगाने सरकत आली की स्वयंपाकापाशी एकच धांदल उडाली. दिवस मावळला, म्हणून मुली ताटे घेऊन पळू लागल्या. कोणी मोबाइलमध्ये वेळ पाहिली, कोणी पंचांगातली. अण्णाने फक्त मान वर केली. “भितीच्या माथ्यावर ऊन हाय की अजून. बसा निवांत.” यावर मंडळातील एका ज्येष्ठ काकूंनी, सूर्यास्ताच्या दोन घडी आधीच हात धुतले पाहिजेत, असा निर्वाळा दिला आणि निवांतपणा तेथेच संपला. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. अठ्ठेचाळीस मिनिटांचा तो नियम पाळण्यासाठी अडतीस माणसे ज्या गतीने जेवली, ती गती कोणत्याही पंगतीत मी पाहिलेली नाही.

मग अंधार पडला. शेकोटी करायची नाही, हेही आधीच ठरले होते; उजेडाकडे येणारे किडे जळतात आणि काटक्यांच्या ढिगात कोण वस्तीला आहे ते आपल्याला ठाऊक नसते. तरुणांना हे जड गेले. शेकोटीवाचून तंबूतला मुक्काम म्हणजे काय, असे एकाने विचारलेही. पण दिवे मालवल्यावर थोड्याच वेळात ते बोलेनासे झाले. दोन काळ्या भिंतींच्या मधल्या खिंडीत चांदण्या इतक्या दाट होत्या की खिंडच उजळ वाटत होती. णमोकार मंत्राचा जप झाला, दोन भजने झाली आणि नऊच्या आत थंडीने सर्वांना तंबूत घातले.

तंबू दोघादोघांचे. यादी पुतण्याने केलेली. माझ्या नावापुढे कोणाचे नाव असेल हे मला बसमध्येच कळायला हवे होते.

मी आत गेलो तेव्हा अण्णा एका कुशीवर आडवा झाला होता. भाड्याने आणलेल्या माझ्या झोपण्याच्या पिशवीची चेन अर्ध्यावर अडकली. खालून भाताचे खुंट सतरंजीतून टोचत होते. मुनींना सोसाव्या लागणाऱ्या २२ परीषहांची नावे मी पाठशाळेत घडाघडा म्हणत असे. शीत, दंशमशक, शय्या, तृणस्पर्श हे शब्द होते. गवताचा स्पर्श हाही परीषह कसा, असे तेव्हा वाटे. पाठशाळेत माझ्याशेजारी अण्णा बसे आणि त्याचे नेहमी ‘चर्या’नंतर अडे. मी त्याला हळूच ‘निषद्या’ सांगत असे. ते त्या रात्री आठवले, पण बोलता आले नाही.

बराच वेळ वाऱ्याने तंबूचे कापड फडफडत राहिले. मग तो म्हणाला, “झोपलास?”

“नाही.”

“ती नोटीस तू लिवलीस का वकिलानं?”

“वकिलाने. सही माझी.”

“त्यात समदीकडं ‘तुम्ही नोटीस घेणार’, ‘तुम्ही नोटीस घेणार’ असं होतं. माझं नाव एकदाच, वरती.” तो थांबला. “माझा चष्मा तवा मोडला होता. पोरगं दहावीत होतं. त्यानंच वाचून दाखवली.”

पुतण्या दहावीत होता हे मला माहीत होते. त्याच वर्षी मी त्याला मनगटी घड्याळ पाठविले होते. वाचून दाखविणारा तो होता, हे मला बारा वर्षांत माहीत नव्हते. दर रविवारी तो माझ्या घरी जेवत होता, माझ्या मुलीच्या गणिताच्या वह्या तपासत होता, आणि ते वाक्य त्याने आपल्या तोंडाने बापाला वाचून दाखविले होते.

क्षमेवर मी या मासिकात दोनदा लिहिले आहे. व्याख्यानही दिले आहे. त्या वेळी मला सुचलेले उत्तर असे होते: “थंडी फार आहे.”

अण्णा उठून बसला. उशाशी घडी करून ठेवलेले घोंगडे त्याने उलगडले. ते आप्पांचे होते. शेंगा राखायला आप्पा वस्तीवर झोपत तेव्हा आम्हा दोघांना त्याच घोंगड्यात दोन बाजूंस घेत. लोकरीला अजून तोच वास होता, मातीचा आणि गोठ्याचा. त्याने ते दोघांवर पसरले, आपल्याकडची कड पाठीखाली दाबली आणि पुन्हा पाठ करून झोपला. “पाणी आता सुगीपातुर बी टिकत न्हाई,” एवढे तो अंधारात म्हणाला. “दोघांनी भांडावं एवढं उरलंच न्हाई त्यात.” मला झोप पहाटे लागली.

सकाळी आमच्या तंबूचे दार तैलबैलाकडे नव्हते, त्यामुळे डोळे उघडताच ती भिंत काही दिसली नाही. दिसला तो अण्णा. बादली, दोर आणि गाळण्याचे जाड पांढरे कापड घेऊन तो निघाला होता. आदल्या दिवशी पाणी मुलांनी गाळले होते आणि ते काम त्याला मुळीच पसंत पडले नव्हते. “चल,” तो म्हणाला. इतर कोणाला बोलाविता आले असते. आसपास माणसे होती.

पाणी गाळण्याची रीत आपल्या वाचकांस ठाऊक आहे, तरी आता बहुतेक घरांत नळाच्या तोंडाला पिशवी बांधली की काम संपते, म्हणून लिहितो. कापड दुहेरी आणि भांड्याच्या तोंडाहून पुष्कळ मोठे हवे. एकट्याने ते नीट होत नाही. दोघांनी समोरासमोर उभे राहून चारी कोपरे ताणून धरावे लागतात, नाहीतर कापड मध्ये झोळीसारखे लोंबते आणि कडेने न गाळलेले पाणी उतरते. दुसऱ्या बाजूस कोण आहे त्याच्या हाताकडे सतत पाहावे लागते. तो कधी ढिले सोडतो, कधी ओढतो, त्याप्रमाणे आपण. लहानपणी आईने हे काम आम्हा दोघांना लावले होते आणि मी कंटाळून माझा कोपरा सोडला की अण्णाला बोलणी बसत.

सर्व पिंपे भरेपर्यंत पाऊण तास गेला. आम्ही ‘ढिला’, ‘ताण’, ‘बास’ याखेरीज काही बोललो नाही. मग जिवाणीचे काम. कापडावर जे राहिले असेल ते गाळलेल्या पाण्याने उलट बाजूने धुऊन त्याच विहिरीत परत सोडायचे, आणि तेही वरून ओतायचे नाही. अण्णाने बादलीच्या बुडाला कडी बसवून आणली होती. दुसरा दोर त्या कडीला बांधून बादली अलगद खाली सोडायची, पाण्याला टेकली की तो दोर वर ओढायचा. बादली जागच्या जागी उपडी होते. एक दोर त्याच्या हातात, दुसरा माझ्या.

घागर घेऊन आलेली एक बाई हे पाहत उभी होती. एवढे गाळलेले पाणी परत का घालता, असे तिने विचारले.

“पानी न्हाई, त्यातलं जे जितं हाय ते घालतोय,” अण्णा म्हणाला. “ते हितलं हाय. हितंच ऱ्हायला पायजे.”

“मग बाकीचं पानीबी हितलंच हाय की,” ती म्हणाली आणि घागर बुडवू लागली. अण्णा हसला. त्याचा तो हसण्याचा आवाज मी विसरलो होतो; तो आप्पांसारखा आहे.

नवकारशीनंतर सर्वजण खिंडीत चढून गेले. वर बहिरोबाचे ठाणे आहे, खडकात खोदलेले टाके आहे आणि पलीकडे एकदम कोकण. समोर सुधागड, खाली वाघजाईच्या घाटवाटेने उतरले की ठाणाळ्याची बौद्ध लेणी. आपले मुनीही अशा जागी राहत असतील का, असे माझ्या मुलीने विचारले. मी संधी सोडली नाही. मावळातच पाले गावाजवळच्या गुहेत दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लेख आहे, तो अर्हंतांना वंदन करून सुरू होतो. इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी लेणे आणि पाण्याचे टाके करविल्याचे त्यात म्हटले आहे, आणि डॉ. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले, असे बरेच सांगितले. अण्णा टाक्याच्या काठाशी बसून छिन्नीचे घाव बोटांनी चाचपीत होता. “लेणं ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला, “टाकं खोदायला किती माणसं लागली आसतील ते सांग.” हे लेखात नाही, असे मला कबूल करावे लागले.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारच्या आसनावर बसला. जागा तेवढीच रिकामी होती, असेही म्हणता येईल. पुतण्या आमच्याकडे एकदाही वळून पाहत नव्हता आणि त्यासाठी त्याला बरेच कष्ट पडत होते. मुळशीचे पाणी पुन्हा आले आणि गेले. पिरंगुटपाशी मी म्हणालो, “ती नोटीस मी पाठवायला नको होती.” त्याने खिडकीबाहेर पाहत मान हलविली. ती होकाराची होती की पुरे झाले म्हणून, हे मला ठरविता आले नाही.

चांदणी चौक जवळ आला तेव्हा तो उठला, पिशवी खांद्याला लावली.

“चैतात हिरीचा गाळ काढायचा हाय. टोपल्या वर घ्यायला माणूस लागतंय.”

“या वयात मला टोपली उचलवेल का?”

“दोर तरी धरशील.”

चैत्रात केव्हा, असे मी विचारले. पाणी किती उतरतंय त्यावर, असे म्हणून तो खाली उतरला.